सोनं कुटायचा वरवंटा

कोंडाजींना 'नाही' म्हणता येत नसे, आणि गाव त्याला चांगुलपणा म्हणत असे. कोकिळाबाईंच्या मते तो चांगुलपणा नव्हता, आळस होता. नाही म्हटलं की माणसाला पुढे कारण सांगावं लागतं, तोंड वाजवावं लागतं, वेळ पडली तर उठून उभंही राहावं लागतं. 'व्हय' म्हटलं की बसल्या जागी काम भागतं. म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात कोंडाजी असे बसल्या जागी आयुष्यभर व्हय म्हणत आले होते. शेजाऱ्याने विचारलं, बांध जरा तुमच्या अंगाला सरकवू का? व्हय. टाय लावलेल्या पोराने विचारलं, आजोबा, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवू का? व्हय. यंत्र अजून भिंतीवर होतं. नळ मात्र गावात यायचा होता. निवडणुकीत तर उभ्या राहिलेल्या सगळ्यांना त्यांनी व्हय म्हटलं, आणि निकालाच्या दिवशी सगळे त्यांच्यावर सारखेच नाराज झाले.

एवढं सगळं कोकिळाबाईंनी पोटात घातलं. बाईचं पोट मोठं लागतं आणि आपलं ते आहे, असं त्या स्वतःच सांगत. पण ह्या चैतात कोंडाजींनी जे केलं ते पोटात मावण्यासारखं नव्हतं, कारण ते दगडाचं होतं.

झालं असं की, त्यांच्या विनेशला मुलगा झाला. सून मृणाल बाळंतपणाला माहेरी, नेरूळला गेली होती. तिथे दवाखाना पायरीला लागून आहे, लिफ्ट आहे, आणि मृणालची आई आहे. ह्या विहीणबाईंचं आणि कोकिळाबाईंचं उघड भांडण कधीच नव्हतं. लग्नात विहीणबाई पंगतीत एवढंच म्हणाल्या होत्या की, "तुमच्याकडे भात छान होतो, त्यामुळे बाकी काही लागतच नसेल." हे वाक्य कोकिळाबाईंनी घरी आणून नीट जपून ठेवलं होतं.

तर बारसं कुठे करायचं ह्यावर बोलणं निघालं. विहीणबाईंनी सोसायटीचा हॉल बघून ठेवला होता. खुर्च्यांना कपडे, कपड्यांना फिती, आणि पाळण्याला वीज. पाळणा आपोआप हलतो म्हणे. कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच मुद्दा टाकला. "आमच्या घरातलं पोर आमच्या वरवंट्याच्या आधी पाळण्यात जात न्हाय. वरवंटा गावाला हाय. बारसं गावाला."

ह्यावर विहीणबाईंनी हॉल सोडून दिला, कारण रीत रीत असते. बाळाच्या आधी वरवंट्याला न्हाऊमाखू घालायचं, झबलं-टोपडं चढवायचं, आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींच्या हातात द्यायचा. मग बाळ. दगडासारखं टणक होऊ दे, एवढंच मागणं. कोंडाजींच्या घरातला वरवंटा तर कोंडाजींच्याही आधीचा. कोंडाजी स्वतः त्याच्या पाठोपाठ पाळण्यात गेले होते. बुद्धीच्या बाबतीत दगडाने मागणं जरा जास्तच मनावर घेतलं, असं कोकिळाबाईंचं म्हणणं.

बारशाचा दिवस ठरवून, नेरूळहून जिंकून कोकिळाबाई घरी आल्या. हातपाय धुतले, चहा घेतला आणि वरवंटा काढायला पडवीत गेल्या. कोपऱ्यात पाटा एकटाच होता, विधुरासारखा.

"वरवंटा कुठाय?"

"हॉटेलात," कोंडाजी म्हणाले.

माणूस हॉटेलात जातो. वरवंटा कसा गेला हे समजायला पुढे बराच वेळ आणि कोकिळाबाईंचा बराच आवाज खर्च झाला. त्या नेरूळला असताना खारबंदरहून गाडी घेऊन एक मुलगी आली होती. काशिफा तिचं नाव. जन्म, शाळा सगळं आखातात. पुढे मुंबईत जुन्या वस्तू मांडून ठेवायचं काहीतरी शिकली. तिच्या घराण्याचं खारबंदरच्या जुन्या पेठेत हॉटेल होतं, बंद पडलेलं. ते तिने झाडून-पुसून लोकांना बघायला उघडलं होतं, आणि त्यात मांडायला ती गावोगाव जुनं काही मिळतं का बघत होती.

"आजोबा, हे काय आहे?" तिने वरवंटा उचलून विचारलं. कोंडाजी उत्तर शोधत होते तोवर तिनेच पुढे विचारलं, "हे जुनं आहे?"

"व्हय."

"तुमच्याकडचे कुणी खारबंदरला सोनं शोधायला गेले होते तेव्हा?"

"व्हय."

"म्हणजे सोन्याची खडी ह्याने फोडायचे?"

"व्हय."

"आमच्या हॉटेलला द्याल?"

उत्तर सांगायला नको. पाटाही तिने मागितला होता आणि कोंडाजींनी दिलाही होता. पण तो तिला उचलवेना, म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात बोलावून तिने त्यांना शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. भर उन्हाळ्यात कोंडाजी ती शाल पांघरून बसले होते, आणि घामाघूम झालेल्या माणसाला ताप आलाय का, हे विचारायला गाव येऊन जात होतं.

आता खारबंदरचं सोनं म्हणजे काय, हे सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी मोठ्या वादळात खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं आणि ओहोटीला वाळूत पिवळे कण दिसले, असं सांगतात. मग काय विचारता. माणसं चाळण्या घेऊन धावली, चाळणी नव्हती ते सूप घेऊन, आणि सूप नव्हतं त्या बायका पदर घेऊन. मुंबईहून बोटी भरून लोक आले. त्यांना झोपायला जागा हवी, म्हणून काशिफाच्या पूर्वजांनी ब्रह्मदेशी सागवान आणून घाईघाईत दुमजली हॉटेल बांधलं. हॉटेल पुरं झालं त्या पावसाळ्यात सोनं संपलं. कोंडाजींच्या आजोबांचं म्हणाल, तर ते त्या गर्दीत नव्हते. भाताची लावणी सोडून जायला ते तयार नव्हते म्हणून नाही. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

बारसं चार दिवसांवर आलं होतं. कोकिळाबाईंनी नवऱ्याला पुढे घातलं आणि मिनीडोअर रिक्षाने खारबंदर गाठलं.

जुनी पेठ खाडीकडे उतरत जाते. एका अंगाला सुक्या बोंबलांचा वास, दुसऱ्या अंगाला बेकरीचा. दोन्ही एकमेकांपुढे मागे सरकत नाहीत. पेठेच्या शेवटी ते हॉटेल. वर नक्षीचा लाकडी सज्जा, रंगीत काचा, आणि पाटीवर नव्याने रंगवलेलं जुनं नाव: न्यू गोल्डन हॉटेल. कोकिळाबाईंना पाट्या वाचता येत. शाळेत त्या थोड्याच दिवस गेल्या होत्या, पण एस्टीच्या पाट्यांनी उरलेलं शिक्षण पुरं केलं होतं. 'न्यू' म्हणजे नवं, हे कोंडाजींनी सांगितलं. "न्यू ऱ्हायलं न्हाय, गोल्डन ऱ्हायलं न्हाय," कोकिळाबाई म्हणाल्या, "आनि चहा तरी मिळतो का बघा." चहाही मिळत नव्हता.

दारात तिकीट होतं. कोंडाजींना नव्हतं. दरवानाने उठून त्यांना नमस्कार केला, 'दाते' म्हणून आत सोडलं आणि कोकिळाबाईंपुढे हात आडवा केला. ज्या घरातून दगड गेला त्या घरच्या मालकिणीला त्याच दगडाच्या दारात तिकीट काढावं लागलं. त्यांनी ते काढलं, पदराला गाठ मारून बांधलं आणि मनात कोंडाजींच्या नावावर मांडलं.

नुसतं आत जाऊन दगड मागता येत नव्हता. आधी सगळं बघावं लागत होतं, काशिफाच्या मागून, हळूहळू, कशालाही हात न लावता. जिना माणसाच्या आधी बोलत होता. पहिल्या खोलीत एक मिशीवाला चाळणी घेऊन उकिडवा बसला होता. परका पुरुष म्हणून कोकिळाबाईंनी पदर सारखा केला. कोंडाजींनी त्याला रामराम घातला आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. तो प्लास्टरचा होता हे कळल्यावरही त्यांनी रामराम परत घेतला नाही.

"इथे एका खाटेवर तिघं-चौघं पाळीपाळीने झोपायचे," काशिफा सांगत होती. "विचार करा आजी, काय दिवस असतील."

"आमचा विनेश तळोज्याला लागला तवा तसाच झोपायचा," कोकिळाबाई म्हणाल्या. "तिथं कोन तिकीट लावत न्हाय."

शेवटच्या दालनात, काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, त्यांचा वरवंटा होता. कोकिळाबाईंनी तो इतका स्वच्छ कधी बघितला नव्हता. खाली पाटी होती. जोडाक्षरं फार होती म्हणून काशिफाने वाचून दाखवली: सुवर्णकाळातील दगडी औजार. सोनं मिसळलेली खडी कुटण्यासाठी. धाडवे घराण्याकडून भेट.

आता सांगायचं की बये, हा मसाल्याचा वरवंटा आहे, आण इकडे. कोकिळाबाईंनी तोंड उघडलं, आणि पिशवीतला मोबाइल वाजला. नेरूळहून विहीणबाई.

"विहीणबाई, अहो, काय हे," पलीकडून आवाज आला, आणि तो आवाज साखरेचा होता. "मोबाइलवर फोटो बघितला. व्याही शाल पांघरून. सोनं कुटणारं घराणं तुमचं, आणि एका शब्दाने बोलला नाहीत कधी. मी आमच्या सगळ्या बिल्डिंगला दाखवलं."

कोकिळाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. भाताच्या वाक्यानंतर इतक्या वर्षांनी त्या घरातून आदराचा पहिला शब्द आला होता. तो आल्या पावली परत पाठवायचा म्हणजे जिवावर येतं. "सांगायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "आसतं एकेकाकडं." फोन ठेवला आणि काशिफाला एवढंच म्हणाल्या, "दगड आमचा हाय. परत दे."

दगड कसला आहे हे मात्र सांगितलं नाही. चूक झाली असेल तर इथे झाली, पण तिलाही कारण होतं.

काशिफा मुलगी वाईट नव्हती. ती म्हणाली, वस्तू ट्रस्टची झाली. ट्रस्टचे लोक तीन. एक दोह्याला, एक नैरोबीला आणि एक खाली गल्ल्यावर. खाली गल्ल्यावर तिचे चुलत आजोबा बदरुद्दीनचाचा होते, पांढरी दाढी, डोळ्याला जाड भिंग.

"अमानत आहे, बहन," चाचा म्हणाले. "मी एकटा कसा देऊ? दोह्याला विचारावं लागेल."

"मग इचारा."

"तो म्हणेल नैरोबीला विचारा. नैरोबीवाला फोन उचलत नाही. उचलला तर आधी सगळ्यांची तब्येत विचारतो, मग कार्ड संपतं."

"आजोबा," काशिफाने कोंडाजींना विचारलं, "तुम्ही खुशीने दिलंत ना?"

"व्हय."

"आनि आता परत पायजे म्हणून सांगा," कोकिळाबाई दातांतून म्हणाल्या.

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

"म्हणजे राहू दे ना इथेच?" काशिफा.

"व्हय."

परतीच्या मिनीडोअरमध्ये कोकिळाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ड्रायव्हरला वाटलं गाडी रिकामीच आहे, म्हणून त्याने आणखी चौघं भरले.

गावात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. संध्याकाळी ओटीवर सल्ले आले. कुणी म्हणालं तहसीलदाराला अर्ज द्या. कुणी म्हणालं अर्ज देऊ नका, अर्ज दिला की तो दगडही सरकारजमा होतो. एकाने मुंबईच्या आपल्या मेहुण्याचा नंबर दिला. मेहुणा लिफ्टच्या कंपनीत होता, पण त्याची ओळख फार. शेजारची जनी सगळ्यांत शेवटी बोलली. जनी आणि कोकिळाबाई एकाच वर्षी ह्या गावात लग्न होऊन आल्या, आणि तेव्हापासून एकीचं मीठ दुसरीला कमीच लागत आलंय.

"माजा वरवंटा घे," जनी म्हणाली. "दगड तो दगड."

"तुझ्या वरवंट्यानं वाढलेला तुजा कुलदीप बघते मी," कोकिळाबाई म्हणाल्या. "पावसाचा शिंतोडा पडला की आठवडाभर हातरुणात. माझ्या नातवाला तसला टणकपना नको."

जनीला राग आला नाही, कारण कुलदीप त्या वेळी हातरुणातच होता. तिने दुसरी तोड काढली. "मग आसं कर कोकिळाबाय. माजा तिथं ठेव नि तुजा घेऊन ये. त्या पोरीला काय कळतंय. ती आखातातली. तिला मिक्सर दाखव, ती त्याला पण मखमल घालील."

ह्यात चोरी नव्हती. दगडाला दगड दिला की व्यवहार पुरा होतो, असं दोघींनी ठरवलं. मात्र ते कुणाला सांगू नये, असंही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जनीचा वरवंटा फडक्यात बांधून, पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून कोकिळाबाई पुन्हा खारबंदरला गेल्या. कोंडाजींना न्यायचं नव्हतं, पण त्यांनी "मी येऊ?" असं विचारलं नाही, नुसते गाडीत बसले. पुन्हा तिकीट, पुन्हा तो मिशीवाला, पुन्हा रामराम. दालनात कुणी नव्हतं. पण पेटीला कुलूप होतं. कुलूप इतकं लहान होतं की ते कुणाला अडवेल असं वाटू नये, आणि तरी ते अडवत होतं. कोकिळाबाईंनी थोडा वेळ काचेतून आपल्या दगडाकडे बघितलं आणि भरल्या पिशवीने परत फिरल्या.

दारात दरवानाने पिशवी बघायला मागितली. शाळकरी सहलीतल्या पोरांनी रंगीत काचेचा तुकडा नेला होता, तेव्हापासून नियम झाला होता. कोथिंबीर निघाली. फडकं निघालं. फडक्यातून वरवंटा निघाला.

"चाचा," दरवानाने हाक मारली, "म्हातारीने दगड उचलला."

ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या वेलीचं पडवळ तोडलं नाही, तिच्याभोवती तिकीट काढून आलेली माणसं गोळा झाली. एक जण मोबाइल वर धरून होता. कोकिळाबाई ताठ उभ्या राहिल्या. "तुमचा दगड वर पेटीत हाय. डोळे आसतील तर जाऊन बघा."

काशिफा धावत वर जाऊन बघून आली. पेटीतला होता तिथेच होता. मग हा कुठला?

खरं सांगावं तर बेत उघडा पडतो. खोटं सांगावं तर काय सांगावं? प्रवासाला निघालेली बाई बरोबर वरवंटा का ठेवते? तेवढ्यात काशिफाने कोंडाजींना विचारलं, "आजोबा, हा पण सोन्याचा का? जोडी होती?"

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

"आणि तुम्ही दुसराही द्यायला आणलात," काशिफा वरवंटा छातीशी धरून म्हणाली. "आणि आम्ही काय बोललो तुम्हाला."

तिने दोघांची माफी मागितली, दरवानाला मागायला लावली, आणि मोबाइलवाल्याने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मखमलीवर दोन वरवंटे होते. कोंडाजींना दुसरी शाल मिळाली.

जनी त्या रात्री जेवायला बसली नाही. तिच्या घरी अजून पाट्यावरचंच वाटण होतं. "तुजा परत आणायला माजा पाठवला," ती कुंपणापलीकडून गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आनि आता दोगं तिकडं थंडगार खोलीत झोपलेत. मी कालवनात काय तुझी शाल घालू?"

बारसं आता परवावर आलं होतं. नेरूळकरांची गाडी ठरलेली, घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवलेले. कोकिळाबाईंनी बदरुद्दीनचाचांना फोन लावला. दोह्याहून उत्तर आलं होतं. दोह्याचं म्हणणं, वस्तू इमारतीबाहेर जाता कामा नये.

"आणि इमारतीत?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"इमारतीत काय म्हणजे?"

"नातवाच्या बारशापुरती पेटीतनं काढून इमारतीत इकडनं तिकडं केली तर दोह्याची हरकत हाय?"

चाचांनी विचार केला. "त्याची नाही. काशिफाची असेल. पण लहान बाळाचं काम आहे म्हणता, तर मी बघतो. आमच्या हॉटेलात इतके लोक सोनं शोधायला आले, पण पाळणा कधी आला नाही. आणा."

दगड घरी येत नाही तर घर दगडाकडे. कोकिळाबाईंनी विनेशला कळवलं. विनेश "अगं आई, हॉटेलात?" एवढंच म्हणून थांबला, अर्धा स्वभाव बापाचा. मग त्यांनी नेरूळला फोन केला आणि सहज बोलावं तसं सांगितलं, "तुमाला हॉल पायजे होता ना? घेतलाय. जुना हाय जरा, सागवानी. लोक तिकीट काढून बघायला येतात." विहीणबाई इतक्या खूश झाल्या की नवीन साडी काढते म्हणाल्या.

बारशाला खारबंदरची पेठ आपोआप जमली, आणि गावाहून जनीही आली. काशिफाने तुळईला खिळा मारायला मनाई केली, म्हणून पाळणा दोराने बांधला. दोराची गाठ मारायला जेट्टीवरचा नाखवा बोलावला, आणि त्याने ती अशी मारली की पाळण्याने मचवा ओढता आला असता. तिकीट काढून आलेली पुण्याची मंडळी, हेही दाखवण्यातलंच आहे असं समजून, पुढच्या सतरंजीवर बसली. मृणाल बाळाला घेऊन बसली. आत्या म्हणून कोकिळाबाईंची लेक प्रणाली पाठीवरचे बुक्के खायला जाड पोलकं घालून आली होती. कोंडाजी दोन शाली पांघरून मधोमध होते.

काशिफाने पांढरे हातमोजे घालून वरवंटा आणला आणि कोकिळाबाईंच्या हातात दिला. कोकिळाबाईंनी त्याला हळद लावायला घेतली.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "हा तर फोटोतला दगड. सोन्याचा."

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

"मग पाळण्यात घालायचा वरवंटा कुठाय?"

"ह्योच," कोकिळाबाई म्हणाल्या.

विहीणबाईंनी साडी सावरली. "नाही हं विहीणबाई. हे औजार आहे. ह्याने खडी फोडलीय. नातवाच्या आधी पाळण्यात हत्यार नाही जायचं. वरवंटा कसा, घरातल्या माणसांचं वाटण वाटलेला लागतो, म्हणजे पोराला अन्नाची ददात पडत नाही. माझी आई हेच सांगायची. तुम्हीच वरवंट्यासाठी बारसं गावाला आणलंत. नसेल तुमच्याकडे तर तसं सांगा. माझा आहे नेरूळला. रविवारी तिकडे करू, हॉल अजून मोकळा आहे."

काशिफा हातमोजे घालून उभी होती. पुण्याची मंडळी नीट ऐकत होती. कोकिळाबाईंच्या हातात दगड होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांच्याच हातात होतं. सोन्याचा म्हणून ठेवला तर घराणं मोठं राहतं आणि नातू नेरूळच्या विजेच्या पाळण्यात जातो. मसाल्याचा म्हटला तर नातू इथे, पण भाताचं ते वाक्य जन्मभर डोक्यावर. ह्या प्रसंगी त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. कोंडाजी, कुणी काही विचारेल म्हणून, तयारीत बसले होते.

कोकिळाबाई उठल्या आणि वरवंटा सरळ विहीणबाईंच्या नाकाखाली धरला. "वास घ्या."

"कसला?"

"घ्या तर खरं."

विहीणबाईंनी वास घेतला आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी आली. काशिफाने त्याला वरून कितीही चकचकीत केलं असलं, तरी दगडाच्या पोटातली मिरची पोटातच होती.

"सुका जवळा, लसून नि लाल मिरची," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण खाली गल्ल्यावर ऐकू गेला. "माझ्या सासूनं वाटली, मी वाटली. सोनं ह्या दगडानं कदी बघितलं न्हाय. आमी भात खानारी मानसं. भाताला चटनी लागते, ती ह्यानं वाटली. आता ह्यो पाळण्यात घालायचा का न्हाय ते बोला."

विहीणबाईंना तिसरी शिंक आली. त्यांनी नाक पुसलं, डोळे पुसले आणि पिशवीतून झबलं काढलं. "हो म्हणजे काय," त्या म्हणाल्या. "आणा इकडे. पण बिल्डिंगला मी आता काय सांगू?" आणि त्यांनी स्वतः दगडाला टोपडं बांधलं. टोपडं नेरूळचं होतं, लेसचं. दगडाला जरा मोठंच झालं.

मग जसं व्हायचं तसं झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत वरवंटा वरून-खालून फिरला. एकदा तो पुण्याच्या बाईंच्या हातात गेला, त्यांनी फोटो काढून पुढे दिला. बाळ पाळण्यात पडलं, प्रणालीने कानात कुर्र केलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत जुने हिशेब पुरे केले. नाव ठेवलं ते मुंबईकडचं आहे. कोकिळाबाईंना त्यातलं शेवटचं जोडाक्षर अजून जमत नाही, म्हणून त्या 'बाळ्या' म्हणतात.

घुगऱ्या वाटून झाल्या तेव्हा काशिफा खिन्न चेहऱ्याने पेटीची पाटी काढत होती. "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात ना खडी फोडायचे म्हणून?"

"व्हय," कोंडाजी म्हणाले. हे मात्र खरं होतं. ते तसं म्हणाले होते.

"चाचा, मग हे दोन्ही आपल्याकडे ठेवता येत नाहीत. ह्यांचा सोन्याशी संबंधच नाही."

"दोह्याला विचारू?" चाचांनी चष्मा वर केला.

"चुकून आलेली वस्तू परत करायला विचारावं लागत नाही."

एवढं सोपं होतं. खरं बोललं की झालं असतं, हे कोकिळाबाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. जनीने आपला वरवंटा काखोटीला मारला. तो कुठे टवका उडालाय का हे तिने उजेडात नेऊन बघितलं, आणि उडाला नव्हता म्हणून थोडी हिरमुसली.

सगळे पायऱ्यांवर मिनीडोअरची वाट बघत उभे राहिले. नेरूळची गाडी बाळाला घेऊन पुढे गावाकडे गेली होती. आज रात्रीचं जेवण घरीच होतं. काशिफाची खिन्नता फार टिकली नाही. तरुण मुलगी. ती कोंडाजींजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, मला सुचलंय. हॉटेलचं जुनं स्वयंपाकघर मांडते. तेव्हा पाटा-वरवंटा दोन्ही द्याल?"

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

कोकिळाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. खाडीवरून वारा येत होता. मिनीडोअर पेठेच्या वरच्या टोकाला थांबली, चढ चढून जायचं होतं. त्यांनी हातातला वरवंटा, टोपड्यासकट, नवऱ्यापुढे धरला.

"धरा. गाडीपर्यंत तरी न्या."

कोंडाजींनी दगडाकडे बघितलं, मग चढाकडे बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "कंबर धरलीय."

जनी चालता चालता थांबली. बदरुद्दीनचाचा गल्ल्यावरून दारात आले. कोकिळाबाईंनी वरवंटा कडेवर घेतला, पदर खोचला आणि म्हणाल्या,

"म्हंजे शबुद येतो तुमाला. साऱ्या तालुक्याला व्हय वाटत फिरलात, आनि न्हाय तेवढा घरच्या बाईसाठी राखून ठेवलात. गाव तुमाला भोळा म्हणतंय. भोळा न्हाय, चांगला लबाड मानूस हाय."